काउंटरचं डावं टोक

बसस्थानकावरच्या भोंग्यातून येणारा तिचा आवाज सगळ्या शहराच्या ओळखीचा होता. कुठली गाडी, कुठला फलाट, किती उशीर, हे ती दिवसभर सांगायची आणि प्रत्येक वेळी सुरुवात एकच असायची, ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे.’ त्यावरून गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव लक्षद्याबाई पाडलं होतं. ती बाजाराला निघाली की एखादं कार्टं मागून नाकात ओरडायचं, ‘लक्ष द्यावे, लक्ष द्यावे,’ आणि तीही वळून त्याच सुरात त्याच्या आईकडे तक्रार नेण्याची धमकी द्यायची. बोलणं हा तिचा धंदा होता. पगारच बोलण्याचा मिळायचा.

अशी ही बाई औषधाच्या दुकानात मात्र मुकी व्हायची. एकटी तीच नव्हे, त्या रस्त्यावरच्या सगळ्याच बायका व्हायच्या. ती तिथली रीतच होती.

दुकान मेडिकलवाल्या काकांचं. काचेचं लांबलचक काउंटर होतं. मधल्या भागात ताप-खोकला, रक्तदाब, गुडघेदुखी, उजव्या टोकाला गल्ला, आणि डाव्या टोकाला, टूथब्रशांच्या फिरत्या स्टँडच्या आडोशाला, बायकांचं. तिथे जाऊन उभं राहिलं की काका समजायचे. बाईनं गोळ्यांचं रिकामं पाकीट काचेवर पालथं ठेवायचं. काकांनी ते न बघितल्यासारखं बघायचं. मग ते आत जायचे, नवं खोकं उघडायचे, खोकं आणि आतला घडी घातलेला माहितीचा कागद पायाजवळच्या टोपलीत टाकायचे, आणि नुसतं पाकीट पांढऱ्या कागदात गुंडाळून काळ्या पिशवीतून पुढे सरकवायचे. मध्ये एक अक्षर नाही. नवी नवरी असो की चार लेकरांची आई, डाव्या टोकाला सगळ्यांनी हाताची घडी तोंडावर बोट.

काकांना या गोष्टीचा फार अभिमान. माझ्या दुकानात बायकांना तोंड उघडावं लागत नाही, असं ते अभिमानानं सांगायचे, आणि वर, झाकली मूठ सव्वा लाखाची. लोकही मान डोलवायचे. किती सभ्य माणूस, म्हणायचे. आणि काका सभ्य होतेच, त्यात खोटं काही नाही. वाईट माणसाचा राग करणं सोपं असतं, एक शिवी हासडली की काम झालं. या असल्या भल्या माणसांचं काय करायचं हा खरा प्रश्न आहे.

बरं, काका मुळात अबोल होते म्हणावं, तर तसंही नाही. एखाद्याला मूळव्याध झाली की भर दुकानात, दहा गिऱ्हाइकांच्या देखत, त्याला कुठे काय आणि कसं लावायचं ते हातवारे करून सांगायचे. जुलाबावर त्यांचं व्याख्यान ठरलेलं असायचं. फक्त डाव्या टोकाच्या औषधांवर त्यांची दातखीळ बसायची. ते औषध कसं घ्यायचं, काय टाळायचं, हे सगळं सांगायचं ते नवऱ्यांना. संध्याकाळी दुकानाबाहेरच्या बाकावर चहा घेताना, खांद्यावर हात टाकून, हळू आवाजात. नवऱ्यानं ते घरी न्यायचं. गोळी गिळणार एक आणि सल्ला ऐकणार दुसराच, यात कुणालाही कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

तिचा नवरा तर काकांच्या अगदी समोरचाच. रस्त्यापलीकडे त्याचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटोला फ्रेम. वडिलांच्या वेळेपासूनचा शेजार, त्यामुळे काका त्याला अरेतुरे करायचे आणि तिला सूनबाई म्हणायचे. लेक झाल्यावर तिनं गोळ्या सुरू करायच्या ठरवल्या, तेव्हाही नवरा बाकावरून उठून घरी आला आणि म्हणाला, “काका म्हणाले, रोज एक, जेवण झाल्यावर. विसरायची नाही.” एवढंच. पुढची काही वर्षं ती रोज जेवल्यावर एक गोळी घेत आली आणि कधी विसरली नाही. जिला अख्ख्या स्थानकाचं वेळापत्रक तोंडपाठ, तिला एक गोळी लक्षात ठेवणं काय जड होतं?

मग तिला खोकला लागला. आधी वाटलं डिझेलचा धूर. मग घोषणेच्या मध्येच ढास लागायला लागली आणि ‘फलाट क्रमांक’च्या पुढे भोंग्यातून सगळ्या शहराला तिचा खोकलाच ऐकू जायला लागला. स्थानकप्रमुख कुरकुरले, मशीनवर आवाज भरून ठेवायची भाषा झाली. ती धास्तावली. मशीन एकदा आलं की मशीन परत जात नाही, हे तिला माहीत होतं. छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, थुंकी तपासली आणि क्षय आहे म्हणाले, पण घाबरू नका, औषधं नीट घेतलीत तर पूर्ण बरा होतो. उठता उठता, कागदावर लिहीत असतानाच, ते दोघांना उद्देशून म्हणाले की अंगात रक्त कमी आहे, कोर्स संपेपर्यंत दिवस जाऊ देऊ नका. तिनं मान हलवली. आपण त्यासाठी गोळ्या घेतो हे सांगावं, असं तिच्या मनातही आलं नाही. त्या गोळ्यांबद्दल बोलायचं नसतं, हे एव्हाना तिच्या हाडीमासी मुरलं होतं.

औषधं आणायला नवरा गेला. तिच्या अंगात ताप होता, ती पडून होती. बऱ्याच वेळानं तो आला. दाराजवळच्या खुंटीला हेल्मेट अडकवलं, पिशवी उशाशी ठेवली.

“काय म्हणाले काका?” तिनं विचारलं.

“काही विशेष नाही,” तो म्हणाला. “गोळ्या वेळेवर घ्यायला सांगितल्यात.”

तिनं घेतल्या. सकाळी उपाशीपोटी क्षयाच्या, रात्री जेवल्यावर त्या दुसऱ्या. लघवी तांबडीलाल व्हायला लागली तेव्हा ती घाबरून रडली, पण डॉक्टर म्हणाले होते तसं होतं, म्हणून तेही निभावलं. हळूहळू ताप गेला, ढास गेली, गळा मोकळा झाला. ज्या दिवशी एका दमात सगळ्या गाड्यांची यादी तिनं न खोकता वाचली, त्या दिवशी चौकशीच्या खिडकीबाहेर केळी विकणारी म्हातारी उठून आत आली आणि तिला दोन केळी देऊन गेली. मशीनची भाषा बंद झाली. तिला वाटलं, सुटले.

आणि मग पाळी चुकली.

आधी तिला वाटलं औषधांमुळे असेल. मग सकाळच्या मळमळीनं उत्तर दिलं. घरात कळायला वेळ लागला नाही. सासूबाईंना आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, पण वरवर त्यांनी चेहरा गंभीर ठेवला आणि निकाल देऊन टाकला, विसरली असशील एखादी. आजारपणात राहतंय कुठे ध्यान. ती म्हणाली, नाही विसरले. सासूबाई म्हणाल्या, विसरलेलं आठवलं असतं तर त्याला विसरणं म्हटलं असतं का? तिनं नवऱ्याकडे बघितलं. नवरा भाकरीचा तुकडा मोडत होता. मान वर न करता म्हणाला, “असेल विसरली. तापात होतं असं.”

त्या दिवसापासून तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला. कामावर बसल्या बसल्या ती मागचे महिने उलटेपालटे करून बघायची. त्या जोरदार तापाच्या रात्री घेतली होती का? लेकीच्या वाढदिवशी घेतली होती का? घेतली होती. तिला आठवत होतं की घेतली होती, आणि तरी वाटायचं की आठवतंय ते खोटं असेल. एका दुपारी तर तिनं चुकीच्या फलाटाची घोषणा केली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग खात्रीच पटली की आपलं डोकं ठिकाणावर नाही, आपणच विसरलो. त्या संध्याकाळी ती नवऱ्याजवळ बसून रडली आणि म्हणाली, “माझंच चुकलं हो.” त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, “जाऊ दे. होतं.”

हे लक्षात ठेवा. तिनं माफी मागितली, आणि त्यानं माफ केलं.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तपासलं, काय काय औषधं चालू आहेत ते विचारलं, तिनं दोन्ही पाकिटं पर्समधून काढून टेबलावर ठेवली. बाईंनी एक उचललं, दुसरं उचललं, आणि चष्मा काढला. या दोन गोळ्या एकत्र चालत नाहीत, म्हणाल्या. क्षयाच्या या गोळीमुळे गर्भ न राहण्याच्या गोळीचा असर कमी होतो, कितीही नेमानं घेतली तरी भरवसा नाही. हे दोन्ही एकाच दुकानातून घेता ना? मग दुकानदारानं सांगितलं नाही? तिनं मान हलवली. बाई पुढे म्हणाल्या की ठेवायचं की नाही हा निर्णय तुमचा, दोन्हीला मार्ग आहे, पण तब्येत नाजूक आहे, नको असेल तर लवकर कळवा. तिच्या कानात त्यातलं अर्धंच शिरलं. ती पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, “म्हणजे मी विसरले नव्हते?”

“नाही हो,” बाई म्हणाल्या. “तुम्ही एकही चुकवली नसेल. गोळीच कमी पडली.”

जिना उतरताना तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी सुटल्यासारखं वाटलं, की आपलं डोकं ठिकाणावर आहे, आणि त्या सुटकेच्या मागोमाग राग आला, आणि तो इतका आला की समोरून येणारी रिक्षा तिला दिसली नाही. रिक्षावाल्यानं शिवी दिली. तिनं उलट अशी काही दिली की तो बिचारा गाडी बाजूला घेऊन थांबला. इतके दिवस चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि संन्यासी स्वतःच आपल्या गळ्यात दोर घालून बसला होता.

ती थेट काकांच्या दुकानात गेली. दुपार कलली होती, बऱ्यापैकी गर्दी होती. गुडघ्याचं मलम मागणारी एक आजी, रक्तदाबाचे दोन पुरुष, आणि डाव्या टोकाला स्टँडच्या आडोशाला मुठीत काहीतरी दाबून उभी असलेली एक तरुण पोरगी. काकांनी सूनबाईंना बघितलं आणि सवयीनं डाव्या टोकाकडे बोट केलं, आलोच. ती डावीकडे गेली नाही. काउंटरच्या बरोबर मध्यावर उभी राहिली, दोन्ही पाकिटं काचेवर ठेवली, पालथी नाही, उताणी.

“काका, ही क्षयाची गोळी चालू असताना ही दुसरी काम करत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?”

काकांचा चेहरा पडला. त्यांनी आधी आजीकडे बघितलं, मग त्या दोन पुरुषांकडे, आणि मग हातानं ते दुसरं पाकीट झाकलं. “सूनबाई, हळू. इकडे ये बरं जरा, या बाजूला.”

“माहीत होतं का?”

“अगं, माहीत नसायला काय झालं. इतकी वर्षं दुकान चालवतोय.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं की,” काका म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात खरोखरचं आश्चर्य होतं. “त्याच दिवशी सांगितलं. त्याला.”

“कुणाला?”

काकांनी रस्त्यापलीकडे बघितलं. समोरच्या दुकानात तिचा नवरा आडव्या ठेवलेल्या काचेवर पट्टी धरून काच कापायची हिरकणी ओढत होता.

मग काकांनी सगळं सांगून टाकलं, आवाज खाली आणून. क्षयाच्या चिठ्ठीवर त्यांनी औषध बघितलं आणि लगेच त्याला बाकावर बसवलं. कोर्स संपेपर्यंत आणि त्यानंतरही थोडे दिवस बायकोच्या त्या गोळ्यांवर विसंबू नकोस, म्हणाले, काळजी तू घे. निरोधचं पाकीट पण काढून दिलं. त्यानं ते हातात घेतलं, हसला, आणि परत काचेवर ठेवलं. बघू म्हणाला. आता यापुढे आपण काय करणार, सूनबाई? घराघरातल्या गोष्टी. आपण सांगायचं काम केलं.

तिच्या डोळ्यांपुढे ती संध्याकाळ आली, पाठीवरचा तो हात, जाऊ दे, होतं. तो हात तिला आत्ता पाठीवर जाणवला आणि तिनं शहारून खांदे झटकले. आपण ज्याची माफी मागितली त्यालाच सगळं ठाऊक होतं. तो सासूबाईंच्या समोर भाकरी मोडत बसला होता आणि त्याला सगळं ठाऊक होतं.

“गोळ्या कोण गिळत होतं, काका?” ती म्हणाली. “ते की मी?”

“अगं, पण बाईमाणसाशी असल्या गोष्टी मी कशा बोलणार? तूच सांग. बरं दिसतं का ते? माझ्या दुकानाची एक रीत आहे. झाकली मूठ...”

“मूठ तुमची, सव्वा लाख त्यांचे, आणि भुर्दंड माझ्या पोटात. माझा खोकला तुम्ही दहा जणांसमोर विचारलात. थुंकी कुठल्या रंगाची पडते ते विचारलंत. तेव्हा बरं दिसलं?”

काका पांढऱ्या कागदाची उगीच घडी घालू लागले.

“आतला कागद द्या,” ती म्हणाली. “या गोळ्यांच्या खोक्यात एक कागद असतो. जो तुम्ही टोपलीत टाकता.”

“तो काय करायचाय? बारीक अक्षर असतं, कुणी वाचत नाही.”

“मी वाचते. वाचायचाच पगार घेते मी.”

त्यांनी खाली वाकून टोपलीत हात घातला. कागद मिळाला, चुरगळलेला. तिनं तो काचेवर सपाट केला. अक्षर बारीक होतं खरं, पण होतं आपल्याच भाषेत. ज्या बाईला अख्खं शहर ऐकतं, तिच्या हातातून हा एवढासा कागद वर्षानुवर्षं काढून घेतला जात होता, आणि तोही तिची अब्रू राखण्यासाठी. तिनं घसा साफ केला. आता खोकला येत नव्हता.

“लक्ष द्यावे,” ती म्हणाली.

हा तिचा कामाचा आवाज होता. छातीतून येणारा, शब्द न् शब्द सुटा. दुकानातले तर वळलेच, पण रस्त्यावरून जाणारी माणसंही थांबली, कारण हा आवाज आला की थांबायचं, आपली गाडी कुठे लागली ते ऐकायचं, ही सगळ्यांच्या अंगात भिनलेली सवय होती. एक पोरगं ‘द्यावे, द्यावे’ करायला तोंड उघडून उभं राहिलं आणि तसंच मिटून पळालं.

“क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन, तसेच फिट्सवरील काही औषधे चालू असताना या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. अशा वेळी गर्भधारणा टाळण्यासाठी दुसरे साधन वापरावे. आपण घेत असलेल्या सर्व औषधांची माहिती डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्यांना द्यावी.” ती थांबली, आणि स्थानकावर करतात तसं पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

पलीकडे हिरकणी थांबली होती. नवरा रस्ता ओलांडून आला, हातात अजून मोजपट्टी. त्यानं आधी गर्दी बघितली, मग तिच्या हातातला कागद, मग काकांचा चेहरा, आणि त्याला काय झालंय ते कळलं. तिला त्याच्याकडून अजून कसलीतरी आशा होती. म्हणेल, मला नीट कळलं नव्हतं. म्हणेल, विसरलो. विसरलो म्हणाला असता तरी तिनं त्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न केला असता. तो म्हणाला, “घरी चल. हे घरी बोलू.”

“घरी बोलायचं होतं तेव्हा तुम्ही बोलला नाहीत.”

“लोक बघतायत.”

“काकांनी तुम्हाला सांगितलं होतं का नव्हतं?”

त्यानं मोजपट्टी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “सांगितलं होतं. पण म्हटलं, तू आजारी, उगीच तुझ्या डोक्याला आणखी घोर कशाला. आणि...” तो अडखळला. “आणि आईचं पण चाललेलंच होतं, दुसरं हवं म्हणून. म्हटलं, राहिलंच तर राहिलं.”

राहिलंच तर राहिलं. जणू सायकल बाहेर राहिली. तिला ओरडायचं होतं, पट्टी हिसकावून त्या काउंटरच्या काचेवर मारायची होती, आणि काच बसवणारा समोर उभाच होता. तिनं तसलं काही केलं नाही. तिचा आवाज कापायला लागला होता आणि इतक्या माणसांसमोर तो कापलेला तिला नको होता. गुडघ्याच्या मलमाची आजी मात्र कुणी न विचारता बोलली, “मेल्यांनो,” आणि आपलं मलम घेऊन पायरी उतरून गेली. ते काका आणि नवरा, दोघांनाही होतं.

ती पुन्हा काकांकडे वळली. म्हणाली की आता सांगा, तुम्ही त्यांना बाकावर जे सांगितलंत ते सगळं मला सांगा, आणि पुढचं पण सांगा. काकांनी घाम पुसला आणि बोलायला लागले, आणि बोलताना त्यांची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे, नवऱ्याकडे. इतकं होऊनही. सवय अशी असते. तिनं काचेवर बोट आपटलं. “इकडे बघा. मी इकडे आहे.” मग काका तिच्याकडे बघून बोलले, कानशिलं लाल करून, जाहीर गुन्हा कबूल केल्यासारखे. कोर्स संपल्यावरही गोळ्यांवर लगेच भरवसा ठेवायचा नाही, तांबी बसवून घेता येते, तिच्यावर या औषधाचा परिणाम होत नाही, निरोध तर आहेच, आणि तुमच्या डॉक्टरांना सगळी औषधं दाखवा. पाच मिनिटांचं काम होतं. पाच मिनिटांत सगळं सांगून झालं, दुकान कोसळलं नाही, कुणाची अब्रू गेली नाही. हेच आधी सांगितलं असतं तर ती आज इथे नसती, आपल्या खुर्चीवर बसून गाड्या सोडत असती.

जाताना तिनं डाव्या टोकाकडे बघितलं. ती तरुण पोरगी तिथे नव्हती. गोंधळात काही न घेताच निघून गेली होती, मुठीतलं रिकामं पाकीट तसंच घेऊन. याचाही तिला राग आला. काकांचा आला, नवऱ्याचा आला, त्या पोरीचाही आला आणि आपला स्वतःचाही, कारण कालपर्यंत तीसुद्धा तशीच गेली असती.

रात्रीपर्यंत सासूबाईंच्या कानावर सगळं आलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या की चव्हाट्यावर न्यायची काय गरज होती. तिनं अंथरूण लेकीच्या खोलीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गाड्यांची गर्दी ओसरल्यावर, चौकशीच्या खिडकीच्या काचेवर टकटक झाली. कालचीच ती पोरगी. तिनं कुठल्या गाडीचं विचारलं नाही. आधी मागे वळून कुणी नाही ना बघितलं, मग खिडकीच्या फटीशी तोंड आणलं. “ताई, काल तुम्ही वाचत होता ना. त्यात फिट्सच्या गोळ्यांचं काय होतं? मी लहानपणापासून घेते.”

तिनं पर्समधून तो चुरगळलेला कागद काढला आणि समोरच्या माइकचं बटण बंद आहे ना ते बघून घेतलं. मग ती ओळ हळू वाचून दाखवली, परत वाचली. पोरीच्या पाकिटावरचं नाव तिला कळेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंचा पत्ता तिकिटाच्या मागे लिहून दिला. म्हणाली, नवऱ्याला पाठवू नकोस. तू जा. पोरगी म्हणाली की काल दुकानात तुमच्याकडे बघून मला भीती वाटली. ती म्हणाली, वाटायलाच हवी होती.

काम सुटल्यावर ती स्वतः त्याच पत्त्यावर गेली. रात्रभर तिनं विचार केला होता आणि आता कुणाला विचारायचं राहिलं नव्हतं. तिला हे मूल नको होतं. औषधं चालू असताना नको, अंगात रक्त नसताना नको, आणि अशा रीतीनं, तिच्या पाठीमागे परस्पर ठरलेलं, तर मुळीच नको. एवढं ती स्पष्ट शब्दांत बोलली. डॉक्टरीणबाईंनी आधी नीट खात्री करून घेतली, मग सगळं समजावलं, तिचे प्रश्न संपेपर्यंत थांबल्या, दिवस ठरवून दिला. त्याच वेळी तांबीही बसवू म्हणाल्या. बरोबर कोण येणार, विचारलं. माझी थोरली बहीण, ती म्हणाली. बहिणीला तिनं तिथूनच फोन केला. बहीण एकच वाक्य बोलली, मी आदल्या दिवशी येते.

घरी आली तेव्हा दिवे लागले होते. सासूबाई आत होत्या. नवरा आज दुकान लवकर बंद करून आला होता आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसला होता. तो तिची वाट बघत होता हे दिसत होतं. चेहरा उतरला होता, आणि तिला क्षणभर त्याची कीवही आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला. तिनं चपला काढल्या. दाराजवळच्या खुंटीला, त्याच्या हेल्मेटशेजारी, पर्स अडकवली.

“डॉक्टरीणबाईंकडे गेली होतीस ना?” त्यानं विचारलं. “काय म्हणाल्या त्या?”

“काही विशेष नाही,” ती म्हणाली. “गोळ्या वेळेवर घ्यायला सांगितल्यात.”

आणि ती लेकीचा अभ्यास घ्यायला आत गेली.